रुळांवर चढलेला खार

छापखान्यात काम करतो म्हटलं की लोक हातांकडे बघायचे, शाई लागलीय का म्हणून. पण आमच्या ऑफसेट मशीनवर निम्मं काम शाईचं आणि निम्मं पाण्याचं असायचं. पत्र्याची प्लेट सपाट असते. अक्षरं आणि चित्रं आहेत तेवढीच जागा शाई धरते, कोरी जागा पाणी धरते, आणि पाणी आहे तिथं शाई बसत नाही. सगळा खेळ एवढाच. पाणी जरा कमी पडलं की कोऱ्या जागेवर शाई चढते, जरा जास्त झालं की रंग फिका पडतो. या दोन 'जरा'च्या मधे कुठंतरी मशीन चालवायचं. सकाळी आठापासून संध्याकाळी सहापर्यंत उभं राहून मी तेवढंच बघत असे. त्या वेळी माझं वय तिशीच्या आत होतं, तरी घरी गेल्यावर पायऱ्या चढताना भिंतीला हात लावायला लागायचा.

आमच्या प्रेसमध्ये एकच ऑफसेट होतं, मुंबईच्या कुठल्या तरी छापखान्यानं वापरून काढून टाकलेलं. त्याच्यावर चादरींची लेबलं, विड्यांच्या बंडलांचे कागद, उदबत्त्यांची खोकी असला माल निघायचा. वर पत्रे. उन्हाळ्यात दुपारी बाराला शाई तुपासारखी पातळ व्हायची.

मशीन माझ्याकडं आणि पाणी चाचांकडं. चाचा साठीचे होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दगडावरच्या छपाईत, म्हणजे शिळाप्रेसमध्ये, घालवली होती. ते छापखाने बंद पडले तेव्हा आमच्या मालकांनी त्यांना ठेवून घेतलं. रोज सकाळी डिंक भिजवायचा, गाळायचा, पाण्यात घालायचा, त्यात मापानं थोडं अ‍ॅसिड टाकायचं, आणि पाण्याच्या रुळांवरचं, म्हणजे रोलरांवरचं, कापड धुऊन वाळवायचं, हे त्यांचं काम. अ‍ॅसिडला ते तेजाब म्हणायचे. मशीन चालू झालं की ते प्लेटच्या बाजूला वाकून खिडकीच्या उजेडात तिरपं बघायचे आणि म्हणायचे, "थोडं कमी कर बेटा. चमकलं पायजे, ओलं दिसलं नाय पायजे." मी पाण्याची चावी फिरवायचो. पुढचा कागद बरोबर निघायचा. तीन वर्षांत आमचं यावरून भांडण झालं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. नळाला आधी दिवसाआड, मग तीन दिवसांनी पाणी यायला लागलं. मालकांनी प्रेसच्या मागच्या अंगणातली जुनी विहीर उपसून घेतली. तळाशी झरा जिवंत निघाला. आम्ही सगळे खूश. मालकांनी मला मोकळेपणानं सांगितलं, "घरला न्यायचं असलं तर न्या हो दोन डबे. लाजू नका." त्या दिवसांत पाणी असं देणारा माणूस म्हणजे देवच. मी रोज संध्याकाळी सायकलच्या हँडलला दोन डबे अडकवून घरी न्यायला लागलो. मशीनलाही तेच पाणी. पाणी बदललं म्हणून काही बिघडेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. पाण्यासारखं पाणी होतं, नितळ.

पंधरा-वीस दिवसांनी त्रास सुरू झाला. चादरीच्या एका कारखान्याची लेबलं चालू होती. पांढरी जमीन, भोवती रुंद लाल पट्टी. सकाळी पहिले दोनशे कागद स्वच्छ निघायचे, नंतर पांढऱ्यावर गुलाबी झाक यायला लागायची. पाणी वाढवलं की झाक जायची, पण लालही मरायचा, विटकरीसारखा व्हायचा. शाई वाढवली की पुन्हा झाक. त्यात वरच्या शाईच्या रुळांवर मधे मधे उघडे चट्टे दिसायला लागले. तिथं शाई बसायचीच नाही. रबर चकचकीत दिसायचं, जणू कुणी पॉलिश केलंय.

मी काय काय केलं ते आता आठवलं तरी दमायला होतं. आधी शाईवर संशय घेतला, दुसरा डबा फोडला. मग कागदावर घेतला. मग पाण्याच्या रुळांवरचं कापड नवीन शिवून चढवलं. मग दोन दिवस मशीन बंद ठेवून सगळे रूळ उतरवले, रॉकेलनं धुतले, पुन्हा बसवले, दाब जुळवला. अर्धा दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच. रात्री डोळे मिटले तरी गुलाबी कागद सुटत यायचे.

मशीनच्या सुट्या भागांचा एक एजंट मुंबईहून महिन्यातून एकदा यायचा. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "आता बाहेरच्या देशांत पाण्यात स्पिरिट घालतात. पाणी कमी लागतं, प्लेट स्वच्छ राहते."

मालक टेबलावरून उठून आले. लिंगायत, गळ्यात लिंग बांधलेला, दारूच्या वासालाही लांब राहणारा माणूस. "स्पिरिट? म्हणजे आता छापायला बी दारूचा परवाना काढायचा? हितं माणसांना प्यायला पाणी न्हाय, आणि मशीनला दारू पाजायची व्हय?"

एजंट हसला, मीही हसलो. चाचा हसले नाहीत. ते ट्रेमधल्या पाण्यात बोट बुडवून दुसऱ्या बोटावर चोळत उभे होते.

माल द्यायची तारीख जवळ आली तेव्हा मीच चाचांना म्हणालो, "चाचा, अ‍ॅसिड वाढवा."

"किती?"

"दुप्पट करून बघा."

"बेटा, तेजाब जास्त झालं तर शाई वाळत नाय. दगडावर पण तसंच व्हायचं."

"उन्हाळा आहे चाचा, वाळेल. नाहीतर हा माल जाणार कसा? टाका तुम्ही."

त्यांनी टाकलं. पांढरं खरंच पांढरं झालं. तीन दिवस मशीन पळालं. मला हायसं वाटलं. लेबलं कापली, गठ्ठे बांधले, माल गेला.

आठवड्याच्या आत कारखानदार स्वतः आला. हातात एक पांढरी चादर. घडीच्या वरच्या बाजूला लेबल लावलेलं, आणि घडी उलटी केली तर गठ्ठ्यातल्या खालच्या चादरीच्या लेबलावरची लाल चौकट पाठीवर उमटलेली. शाई वाळलीच नव्हती. अशा कितीतरी चादरी होत्या. चादर मालकांच्या टेबलावर ठेवून खुर्चीत नुसता बसून राहिला.

तो गेल्यावर मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"पाणी कोण बनवतंय?"

"मी," चाचा म्हणाले.

"अ‍ॅसिड किती घालताय?"

चाचांनी खरं ते सांगितलं.

"एवढं? आधी तर याच्या निम्मं घालत होता. कुणाला विचारून वाढवलं?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फरशीकडं बघत राहिले. मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य होतं: मी सांगितलं म्हणून वाढवलं. ते वाक्य तोंडात तयार होतं. पण त्या वर्षी गावाकडं करकंबला माझा भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होता, घरी बायकोला सहावा महिना होता, आणि नोकरी गेली तर दुसऱ्या दिवशी काय, हे मला माहीत नव्हतं. ही कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी फक्त भीती होती. मी तोंड उघडलं नाही.

मालक म्हणाले, "चाचा, तुमचं बी वय झालं आता. हात पहिल्यासारखा राहिला न्हाय. उद्यापासून नका येऊ."

चाचा मशीनपाशी गेले. मापाची काचेची बरणी धुतली, पालथी घातली. हात पुसायचं फडकं झटकून खिळ्याला अडकवलं. जाताना मला म्हणाले, "डिंक भिजत घातलाय. सकाळी गाळून घे." आणि गेले.

त्यानंतर तीन आठवडे पाणी आणि मशीन दोन्ही मीच बघत होतो. अ‍ॅसिड पहिल्याएवढं केलं, तर पहिल्या शंभर कागदांतच झाक यायला लागली. रुळांवरचे चट्टे वाढले. मालक आता दर तासाला येऊन उभे राहायचे. मी दर दहा कागदांना मशीन थांबवायचो, ओल्या स्पंजनं प्लेट पुसायचो, पुन्हा चालू करायचो. संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की हँडलला डबे अडकवून घरी. जेवताना बोलायची ताकद नसायची. बायको काही विचारायची, मी 'हं' म्हणायचो. चाचा कसे आहेत म्हणून तिनं एकदा विचारलं, तेव्हाही 'हं'च म्हणालो. तिला खरं सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी ताट वाढताना ती वैतागली होती. "दोन तास चूल जाळली, तरी डाळ शिजंना की ओ. बोटचेपीसुद्धा व्हईना. तुमच्या प्रेसचं पाणी लई जड हाय."

"जड म्हणजे?"

"जड म्हंजी जड. साबणाला फेस येत न्हाय, भांड्याला खार धरतोय. ह्ये बघा की." तिनं पाणी तापवायचं पातेलं माझ्यापुढं आणून ठेवलं. तळाला, कडेला पांढरा थर. मी नख लावलं. पापुद्रा निघाला. त्याच्याखालचं ॲल्युमिनियम चकचकीत नव्हतं, पण तो थर मात्र गुळगुळीत, चमकदार. मी तो बोटावर घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. ती म्हणाली, "अवो, जेवा की. एवढं काय त्यात बघायचं?"

सकाळी गेल्यागेल्या मी सगळ्यात वरचा शाईचा रूळ काढला, जिथं शाई बसत नव्हती तिथं रॉकेलनं पुसला, सुकू दिला, आणि नखानं खरवडला. नखात पांढरी भुकटी आली. तोच खार. पाणी शाईबरोबर थोडं थोडं वर चढत जातं, आणि त्याच्यातला खार रबरावर थर धरत गेला होता. खार पाणी धरतो, शाई धरत नाही. आणि अ‍ॅसिड आम्ही नेहमीच्या मापानं घातलं की हे पाणी ते खाऊन टाकत होतं. डाळ न शिजवणाऱ्या पाण्यानं दोन-अडीच महिने मी छपाई करत होतो. आणि चाचांचा हात बिघडला म्हणून त्यांना घरी बसवलं होतं.

आदल्या दिवशीच नळ आला होता. घरातून प्यायच्या पाण्याची एक कळशी नेली, ट्रे धुऊन तेच पाणी घातलं. झाक कमी झाली. पण रुळांवर चट्टे होते ते होतेच, तो थर रॉकेलनं जात नव्हता. खरवडावा तर रबर फाटणार. तो कसा काढायचा हे मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत असण्याची शक्यता होती असा गावात एकच माणूस होता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत. सगळ्या गल्लीत खडखडाट, ओरडून बोलावं लागत होतं. चाचा उंबऱ्याच्या आत चरख्यावर कांड्या भरत बसले होते. मागांना लागणाऱ्या सुताच्या बारीक कांड्या. त्यांनी मला बघितलं, चरखा थांबवला नाही. सून पाणी घेऊन आली. त्या दिवसांत कुणाच्या घरचं पाणी प्यायचं म्हणजे अवघड वाटायचं. मी दोन घोट घेतले.

"चाचा, तुमचा हात नव्हता बिघडला," मी म्हणालो. "विहिरीचं पाणी खारं आहे. रुळांवर थर चढलाय."

चरखा थांबला.

"आणि अ‍ॅसिड मी वाढवायला सांगितलं होतं. मालकांपुढं मी बोललो नाही."

"ते मला माहीत आहे की," चाचा म्हणाले. "मी तिथंच होतो."

शेजारचा माग मधेच बंद झाला तेव्हा त्यांचा आवाज एकदम स्पष्ट ऐकू आला.

"दगडाच्या वेळी आमचे उस्ताद पावसाचं पाणी रांजणात भरून ठेवायचे. वर्षभर तेच. का ते त्यांनी सांगितलं नाय, मी विचारलं नाय. मला वाटलं त्यांची आदत असेल." त्यांनी हात उघडून बघितला, मिटला. "मी इथं बसून रोज विचार करत होतो, माप कुठं चुकलं. मालूम नाय पडलं."

"थर कसा काढायचा चाचा?"

"शिरका आहे का?"

शिरका म्हणजे व्हिनेगर. मी म्हणालो, आणतो.

"उद्या येतो मी. तू घासून रबर खराब करशील."

दुसऱ्या दिवशी ते आले. मालक बाहेर गेले होते. आम्ही एकेक रूळ उतरवला. व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून चाचा ते रुळावर गुंडाळून ठेवायचे, थोड्या वेळानं हलकेच फिरवत पुसायचे, मग गोड्या पाण्यानं. आंबट वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. दुपारपर्यंत आमचं बोलणं 'हा धर', 'तो दे' एवढंच झालं. रूळ काळेभोर, मऊ दिसायला लागले. बसवले, शाई चढवली. नळाचं पाणी, डिंक, आणि अ‍ॅसिड जुन्या मापानं. पहिला कागद, पन्नासावा, पाचशेवा. लाल लाल होता आणि पांढरं पांढरं.

मालक आले तेव्हा मशीन चालूच होतं. त्यांनी चाचांना बघितलं, कागद उचलून उजेडात धरला. मी मशीन बंद केलं आणि सगळं सांगितलं. पाण्याचं सांगितलं, अ‍ॅसिडचंही.

"आत्ता सांगतोयस?" मालक म्हणाले. एरवी ते मला तुम्ही म्हणायचे. मग त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. शेवटी चाचांना म्हणाले, "चूक झाली बघा आमची. या की उद्यापासून."

"नक्को मालक."

"का ओ?"

"मला वाटत होतं हात गेला. नाय गेला. एवढं कळलं, बस झालं." त्यांनी फडकं पिळलं, खिळ्याला अडकवलं. "आता कांड्याच बऱ्या. सुताला पाणी लागत नाय."

ते खरंच आले नाहीत. मालकांनी मला काढलं नाही. त्या गोष्टीवर पुन्हा बोललेही नाहीत, फक्त नंतर कधी त्यांनी मला तुम्ही म्हटलं नाही.

काम मात्र सुरळीत झालं, म्हणजे एका नव्या तऱ्हेनं अवघड झालं. मशीनला आता नळाचंच पाणी लागणार होतं. नळ यायचा त्या दिवशी मी पहाटे चौकातल्या नळावर रांगेत उभा राहायचो, दोन कळशा घेऊन. एकदा पुढच्या बाईनं विचारलं, "घरात किती माणसं तुमच्या?" मी म्हणालो, "घरचं बायको भरते. हे प्रेसला लागतं, मशीनला." तिनं माझ्याकडं बघितलं, मग कळशांकडं. बाजूच्या बाईला तेलुगूत काहीतरी सांगितलं, आणि रांगेतल्या चार बायका मागं वळल्या. त्यानंतर कुणी विचारलं तरी मी खरं सांगत नसे. माणसं मैल मैल चालून घागर आणत होती, आणि मी प्यायचं पाणी लाल लेबलांवर उडवत होतो. दुसरा काही इलाज होता का? बॅटरीच्या दुकानातलं शुद्ध पाणी मिळतं हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पुढच्या साली पाऊस झाला. आमचा मुलगा तोवर रांगायला लागला होता. नळ रोज यायला लागला, प्रेसमध्ये झाकणाचं पिंप आलं. आणखी चार-पाच वर्षांनी मुंबईहून शिकून आलेला एक जण मालकांनी ठेवला. त्याच्याकडं कागदाच्या पट्ट्या होत्या. पाण्यात बुडवली की पट्टीचा रंग सांगायचा अ‍ॅसिड किती झालं ते. मी ती पट्टी हातात घेऊन बघितली. नखाएवढी होती.

चाचा अधूनमधून बाजारात भेटायचे. आम्ही हॉटेलात बसून चहा घ्यायचो. ते विचारायचे, "माल कसा निघतोय?" मी म्हणायचो, बरा. त्या प्रकरणाचा विषय आम्ही कधी काढला नाही. एकदाच काढला, मी. जेवणाची सुट्टी होती, उन्हानं डोकं दुखत होतं, आणि का कोण जाणे, तोंडातून निघून गेलं.

"चाचा, तुम्ही रागावला होता का माझ्यावर?"

त्यांनी बशीतला चहा संपवला, मग म्हणाले, "हौ. लई."

मी मान खाली घातली.

"अजून पण येतो कधी कधी," ते म्हणाले. "काय करणार? येतो." मग टोपी नीट केली, पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं, आणि सुनेच्या दुखऱ्या दाढेबद्दल बोलायला लागले. सरकारी दवाखान्यात दोनदा जाऊन आली होती, तरी ठणका जात नव्हता. मी ऐकत राहिलो. सुट्टी संपत आली तेव्हा उठलो आणि प्रेसकडं निघालो. विड्यांच्या कागदाचं काम लावून ठेवलं होतं, ते संध्याकाळच्या आत काढायचं होतं.